गेरूवाल्या नर्सबाई

नर्सबाई घरात शिरल्या की आधी लेकराच्या आईचा हात धरायच्या आणि नाकाशी नेऊन हुंगायच्या. ‘कशी आहेस’ नाही, ‘बसू का’ नाही. बाई चुलीपुढे असो, गोठ्यात असो की पाहुण्यांत बसलेली असो, हात पुढे करावाच लागे. साबणाचा वास आला तर हात सोडून देत. नाही आला तर तिथेच, चार माणसांदेखत, त्या बाईचा पंचनामा सुरू होई. त्या मूळच्या धुळ्याकडच्या. मीटिंगमध्ये आणि डॉक्टरांसमोर छापील मराठी बोलायच्या, पण राग आला की सरळ अहिराणीवर यायच्या. ‘राखना वास शे, साबनना नही,’ असं म्हणून त्या तो हात सोडत, आणि ती बाई पुढचे दोन दिवस नळावर तोंड वर करून बोलत नसे.

मी गावची आशा सेविका. गाव यावल तालुक्यातलं, सावद्याच्या रस्त्यापासून आत, चहूबाजूंनी केळीच्या बागा. उपकेंद्रात नर्सबाई आल्या तेव्हा मी नवीन होते, वजनकाटा कसा टांगायचा हेही मला धड येत नव्हतं. पुढे नऊ वर्षं मी त्यांच्या मागे पिशवी घेऊन फिरले. त्या नऊ वर्षांत त्यांनी मला एकदाही शाबास म्हटलं नाही. ‘शोभे, तुला बुद्धी कमी आहे, पण पाय चांगले आहेत,’ एवढंच एकदा म्हणाल्या होत्या. ते मी अजून मिरवते.

आईच्या हाताचा असा तिटकारा करणाऱ्या या बाईंना लेकरांचं मात्र काही म्हणजे काही घाण वाटत नसे. शेंबूड पदराने पुसतील, ओकलेलं तळहातावर झेलतील. लेकरू दिसलं की त्यांचं एक ठरलेलं होतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच सपाट झाली तर ठीक, हळू बसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. मग तर्जनी थेट लेकराच्या तोंडात. जीभ ओली आहे की कोरडी ते त्या डोळ्यांनी बघत नसत, बोटाने बघत. नंतर बोट पदराला पुसलं की पुढचं घर. सकाळी उपकेंद्रातून निघताना कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि परत आल्यावर पुन्हा धुवायच्या. मध्ये का नाही, असं मी एकदा विचारलं. ‘लेकरू घान ऱ्हास नही, माय ऱ्हास,’ त्या म्हणाल्या. लेकरू कधी घाण नसतं, घाण असते ती आई. हे त्या इतक्या ठाम बोलल्या की मी तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

आता गेरूचं सांगते. ज्या घरात लेकराला जुलाब-उलट्या असतील त्या घराच्या दाराशेजारी त्या गेरूने ताटलीएवढं वर्तुळ काढायच्या. पोलिओच्या वेळी आम्ही खडूने खुणा करतोच, पण खडू पुसला जातो. वर्तुळाचं कारण चांगलंच होतं. ते दिसलं की मी दिवसातून तीनदा त्या घरी जायचं, जलसंजीवनीची पुडी विरघळवली का, लेकराने किती वाट्या पाणी घेतलं, लघवी झाली का, ते बघायचं. पण गावाने त्याचा अर्थ आपल्या मताने लावला. वर्तुळ म्हणजे या घरात घाण, इथली सून गबाळी. लोक त्याला ‘नर्सबाईंचं कुंकू’ म्हणत. दोघी जावांचं भांडण झालं की ‘तुह्या भिंतीले कुंकू लागो’ असा तळतळाट ऐकू येई. नर्सबाईंच्या कानावर हे सगळं होतं आणि त्यांना त्यात वावगं वाटत नसे. ‘लाज वाटली की हात धुतात,’ त्या म्हणायच्या. ‘मी गेली वीस वर्षं समजावून सांगितलं, कोणी धुतले नाहीत. लाजेने धुतात.’

त्यांचा दुष्टपणा किती मुरलेला होता याचा एक मासला देते. मधल्या गल्लीत एका नातीला जुलाब लागले होते. आजीचा हुकूम होता की पाणी तोडा, म्हणजे जुलाब आपोआप थांबतील. आमच्याकडे ही समजूत घरोघर आहे. वरून जाईल तेवढंच खालून येणार, असा सरळ हिशेब. नर्सबाईंनी चिमटी घेतली, बोट घातलं आणि ओट्यावर बसल्या. सुनेला म्हणाल्या, भाकरी आणि ठेचा आण. ठेचा आल्यावर त्यांनी आजीला चांगला लिंबाएवढा गोळा भाकरीवर घालून दिला आणि खा म्हटलं. सरकारी बाई सांगते म्हणून म्हातारीने खाल्ला. खाऊन झाल्यावर तिने तांब्याकडे हात नेला, तर नर्सबाईंनी तांब्या उचलून आपल्या मांडीत ठेवला. एप्रिलचं ऊन होतं. म्हातारी आधी हसली, मग शिव्या देऊ लागली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ‘पानी दे ना व माय,’ ती काकुळतीने म्हणाली. नर्सबाई मात्र तिकडे नातीला चमच्याचमच्याने पाणी पाजत होत्या. अर्धी वाटी पाजून झाल्यावर त्यांनी तांब्या म्हातारीपुढे सरकवला. ‘आते लागनी का तहान? तुला तोंड आहे म्हणून तू मागितलंस. हिला मागता येत नाही.’ ती नात आता सातवीत आहे. म्हातारी मरेपर्यंत नर्सबाईंना शिव्या द्यायची आणि दर अक्षय्यतृतीयेला पुरणाच्या मांड्यांचा डबाही पाठवायची.

पुडी संपली तर घरी पाणी कसं करायचं, हेही त्या असंच शिकवायच्या. साखर किती, मीठ किती, सगळं सांगून झालं की म्हणायच्या, चव अश्रूंपेक्षा खारट नको. मग एखादीला विचारायच्या, तुझ्या अश्रूंची चव ठाऊक आहे का? ती लाजून नाही म्हणाली की तिच्या आईबापाचं, नवऱ्याचं, सासूचं असं काही काढायच्या की ती खरोखर रडायची. ‘आता चाख,’ म्हणायच्या. मला त्यांचा राग येई. पण त्या रात्रंदिवस लेकरांतच असत हेही खरं. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन त्यांना तोंडपाठ होतं. एखाद्याचं पाव किलो वाढलं तर त्या दिवशी त्यांचा चेहरा वेगळाच दिसे, आणि मला त्यांच्या डब्यातलं वांग्याचं भरीत मिळे.

या सगळ्या गावात त्यांनी फक्त एकीला डोक्यावर घेतलं होतं. ती वनिता, माझ्या घरापासून चौथं घर. नवरा केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीकडे जायचा, घरात ती आणि सासू. घर असं ठेवायची की आपण आत पाय टाकायला कचरावं. पितळेची भांडी चकचकीत, पाण्याच्या माठावर झाकण, झाकणावर पालथं ओगराळं. तिला दहा महिन्यांचा मुलगा होता, दादू. त्याचे लंगोट दोरीवर ओळीने वाळत असायचे, पांढरेशुभ्र. नर्सबाई तिचा हात हुंगायच्या आणि सोडायच्या नाहीत, धरून ठेवायच्या. दुसऱ्या बायकांना त्या मुद्दाम तिच्या दारात आणत. ‘हे हात बघा. आणि तुमचे बघा.’ वनिता मान खाली घालून उभी राहायची, पण तिला ते फार आवडायचं. तिच्या भिंतीवर कधी गेरू लागला नव्हता. शिकली होती बारावीपर्यंत, पुढे घरच्यांनी लग्न करून दिलं. नर्सबाईंची ही शाबासकी हे तिला मिळालेलं एकच बक्षीस होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला ते खुपायचं. इतकी वर्षं पिशवी मी वाहिली, आणि कौतुक हिचं.

लेकरांच्या जुलाबावरची रोटाची लस आमच्याकडे यायच्या आधीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, थंडी अशी की केळीची पानं कडेने करपत होती. अशा दिवसांत जुलाबाची साथ कधी नसते. ती यायची पावसाळ्यात, माशा घोंगावतात तेव्हा. पण वरच्या गल्लीत एक लेकरू आजारी पडलं, मग दुसरं, मग तिसरं. सगळी दोन वर्षांच्या आतली. आधी ताप आणि उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, दिवसातून दहा-पंधरा वेळा. नर्सबाईंनी टाकीचं पाणी तपासलं, प्रत्येक नळाचं तपासलं. पाण्यात क्लोरीन असेल तर औषधाचा थेंब टाकला की ते पिवळं व्हायला हवं, ते पिवळं होत होतं. पाण्यात दोष नव्हता, माशा नव्हत्या. मग राहिलं काय? ‘हात,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या अंगात त्या दिवसांत जणू वारं शिरलं होतं. सकाळी आठला निघायचं, वरच्या गल्लीतून सुरुवात, तिथून मधली, मग आमची. आजारी असो नसो, प्रत्येक लेकराची चिमटी, प्रत्येकाच्या तोंडात बोट, आणि प्रत्येक आईची खरडपट्टी. मी मागे गेरूचा डबा घेऊन. नाल्यापलीकडच्या वस्तीत पाइपलाइनसाठी रस्ता खणला होता, तिथे आत जाता येत नव्हतं म्हणून आम्ही खड्ड्याच्या अलीकडूनच हाका मारून विचारपूस करत होतो.

सोमवारी आम्ही वनिताकडे गेलो. तिच्या शेजारच्या घरी लेकराला आदल्या दिवसापासून लागलं होतं, तिथे गेरू लावून आम्ही निघालो आणि तीन बायकांना घेऊन तिच्या दारात आलो, नेहमीसारखी तिचे हात दाखवायला. दादू रांगत आला. नर्सबाईंनी त्याला उचललं, पोटाला चिमटी घेतली, तोंडात बोट घालून वरच्या हिरडीवरचा नवा दात चाचपला. तो त्यांचं बोट चावत हसत होता. ‘बघा,’ त्या बायकांना म्हणाल्या. ‘शेजारी गेरू लागलाय आणि या घरात साथ शिरू शकत नाही. का? आई स्वच्छ आहे.’ वनिताने पदर तोंडाला लावला. तिचा चेहरा किती फुलला होता ते मी पाहिलं.

गुरुवारी ती दारातच उभी होती. ‘दादू झोपलाय बाई, आताच झोपलाय,’ म्हणाली. नर्सबाईंनी तिचा हात हुंगला, समाधानाने मान हलवली आणि पुढे निघाल्या. शुक्रवारी त्यांना यावलला मीटिंग होती, फेरी मी एकटीने केली. वनिताच्या दारावरून जाताना मला दोरी रिकामी दिसली. दहा महिन्यांचं लेकरू घरात आणि दोरीवर एकही लंगोट नाही. घरातून फिनेलचा वास येत होता, इतका की रस्त्यावर येत होता. मला कळलं. अगदी त्याच क्षणी कळलं, हे मी आज लिहून ठेवते. हिच्या घरात लागलंय आणि ही लंगोट आत वाळवतेय, भिंतीला गेरू लागू नये म्हणून, नर्सबाईंच्या मनातून उतरू नये म्हणून. आणि माझ्या मनात काय आलं? बरं झालं, असं आलं. येऊ दे हिलाच चालत माझ्याकडे पुडी मागायला. मग मी माझ्या हाताने हिच्या भिंतीवर गेरू लावेन. मी थांबले नाही. मला अजून अकरा घरं करायची होती, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले.

ती आली नाही. पुडी घ्यायची तर आशाकडून घ्यायची, म्हणजे नाव लागणार. तिने घरीच साखर-मिठाचं पाणी केलं. दादू ते ओकला. पुन्हा पाजलं, पुन्हा ओकला. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पाजायचं, हे मी तिला सांगायला हवं होतं. सासू म्हणाली, ‘दात येऊ राह्यले त्याले. दूध-पानी तोड, हागवन आपोआप बंद पडते.’ आणि जी वनिता सगळ्या गावाला शहाणी दिसायची, तिने घाबरून सासूचं ऐकलं. पाणी तोडल्यावर जुलाब खरंच कमी झाले. बाहेर पडायला अंगात काही उरलंच नव्हतं.

शनिवारी दुपारी ती उपकेंद्रात आली, लेकरू शालीत गुंडाळून. नर्सबाईंनी शाल बाजूला केली. डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली. तो रडत होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी पोटाला चिमटी घेतली आणि सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. आम्ही तिघी त्या घडीकडे बघत होतो. ती बसलीच नाही.

केळी भरायला आलेली पिकअप समोर उभी होती, तिच्यातून भुसावळला निघालो. मी चमच्याने तोंडात पाणी घालत होते, ते गालावरून ओघळत होतं. आणि तेव्हा, त्या धावत्या गाडीत, नर्सबाई वनिताला म्हणाल्या, ‘हात दखाड.’ तिने हात पुढे केले. धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली होती. नर्सबाईंनी ते हुंगले. माणूस इतकं निष्ठुर असू शकतं यावर माझा तोवर विश्वास नव्हता. वास साबणाचाच होता. ‘मग कसाले लपाडं तू?’ त्या विचारत राहिल्या, का लपवलंस, का लपवलंस. वनिता म्हणाली, ‘तुमाले वाईट वाटलं असतं, बाई.’

दवाखान्यात सगळ्यांनी धावपळ केली. शीर सापडत नव्हती, हाताला नाही, पायाला नाही, डोक्याला नाही. तासाभरात संपलं. वनिताला बाहेर बाकावर बसवून आम्ही आत कागदावर सह्या करत होतो, तेव्हा तिथले तरुण डॉक्टर बोलले. त्यांना वाटलं, नर्स आहेत, सांगितलं पाहिजे. या दिवसांत, या वयात, ताप-उलट्यांनी सुरुवात म्हणजे बहुतेक रोटाच. तो विषाणू आहे, त्याला मारायचं औषध नाही, पाणी भरत राहणं एवढाच उपाय. नर्सबाई म्हणाल्या, ‘पण घर स्वच्छ होतं, डॉक्टर. पाणी स्वच्छ होतं.’ ते म्हणाले, ‘हा घर बघून येत नाही, सिस्टर. श्रीमंताच्या लेकरांनाही होतो. आजारी लेकराच्या घाणीतला डोळ्यांना न दिसणारा कण पुरतो. एका लेकराला लागलेला हात दुसऱ्याच्या तोंडाला लागला की झालं. हातावर तासन्‌तास टिकतो.’ नर्सबाईंच्या हातात पेन होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यांनी मला उपकेंद्रात बोलावून घेतलं. गेरूच्या घरांची यादी माझ्याकडे असायची, कुठल्या दिवशी कुठलं घर. ‘नावं वाच,’ त्या म्हणाल्या. ‘जशी लिखेल शेतस तशी वाच.’ मी वाचू लागले आणि त्या आपली फेरीची वही उघडून बसल्या. पाच-सहा नावं वाचली असतील, मग मीच थांबून यादी पुन्हा वरून पाहिली. वरची गल्ली, मग मधली, मग आमची. ज्या घरातून आम्ही निघालो आणि ज्या घरात शिरलो, त्याच क्रमाने, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, लेकरं पडत गेली होती. पाणी सगळ्या गावाला एकाच टाकीचं. पण नाल्यापलीकडे, जिथे आम्ही रस्त्यावरून नुसत्या हाका मारल्या, तिथे एकही वर्तुळ नव्हतं. शपथेवर असं कोणी सांगू शकणार नाही. लेकरं एकमेकांत खेळतात, शेजारणी एकमेकींची पोरं घेतात, साथ तशीही फिरली असती. मी तसं म्हणालेही. नर्सबाई आपल्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे बघत होत्या. ‘मना हातेसवर व्हतं ते,’ एवढंच म्हणाल्या.

त्यांनी त्याच दिवशी बादली आणि फडकं घेऊन गावातली सगळी वर्तुळं स्वतः पुसली. मी मदतीला गेले तर मला हाकललं. आणि पाचव्या दिवशी त्या वनिताच्या घरी गेल्या. हे त्यांचं धाडस मी कधी विसरणार नाही. आपल्या हातून झालं असं म्हणणारी सरकारी माणसं मी दुसरी पाहिलेली नाहीत. सासू, नवरा, भाऊबंद बसलेले होते, त्या सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, ‘वनिता, तुझी काही चूक नाही. माझ्या हातांनी आलं. मी शेजारच्या लेकराला हात लावून तुझ्या लेकराच्या तोंडात बोट घातलं.’ त्यांनी विषाणूचं सगळं समजावून सांगितलं, डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे.

वनिताने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘बाई, तुमी माह्यासाठी काबरं खोटं बोलू राह्यल्या? माह्येच हात घान असतीन. कुठी तरी राहून गेलं असन धुवाचं.’ आणि तिने दोन्ही हात त्यांच्यापुढे केले. ‘आता तरी साफ हाये का, सांगा ना.’

नर्सबाईंनी ते हात हुंगले नाहीत. पुढे त्यांनी कुणाचाच हात हुंगला नाही. त्या तिच्याकडे आठवड्यातून दोनदा जात, तेच तेच सांगत. पण इतकी वर्षं जे त्यांनी गावाला शिकवलं होतं ते या एका बाईच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं, की त्यांना स्वतःलाही ते काढता येईना. हात धू म्हणून सांगणं सोपं होतं. आता पुरे, असं सांगून वनिता ऐकत नव्हती. ती भांडी घासून हात धुवायची, हात धुऊन नळ धुवायची, मग पुन्हा हात.

वर्षभरात रोटाचे थेंब आले. दीड महिन्याच्या लेकराला पहिला डोस, मग महिन्यामहिन्याने आणखी दोन. पहिल्या दिवशी नर्सबाईंनी ती कुपी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. ‘एवढंसं,’ म्हणाल्या. प्रत्येक लेकराआधी त्या साबणाने हात धुवत, अर्धा मिनिट, आणि आया रांगेत कुरकुरत उभ्या राहत. लेकरांना त्या आता घेत नसत, आईच्या मांडीवर असतानाच थेंब देत. त्यांच्यासारखी बाई आता लेकरापासून हातभर लांब उभी राहायची. दीड वर्षाने त्या निवृत्त झाल्या आणि धुळ्याला मुलाकडे गेल्या. निरोपाला मी एकटीच एसटी स्टँडवर होते. गाव आलं नाही. इतक्या लेकरांना पाणी पाजलेल्या बाईला निरोप द्यायला गावाला वेळ झाला नाही, त्याचं कारणही मला माहीत आहे. एकेका घराला त्यांच्या तोंडचा अपमान अजून आठवत होता.

पुढे वनिताला मुलगी झाली. गोरीपान, तीन किलोची. तिचे तिन्ही डोस मी समोर उभं राहून नव्या नर्सकडून देववले. पण वनिताने तिला अंगावर पाजलं नाही, पाजलं ते वाटी-चमच्याने, सासूच्या हातून. न्हाऊमाखू सासूने घातलं, झोपवलं सासूने. वनिता लांबून बघायची. तिचं काय चाललंय हे जळगावच्या डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या झाल्या, काही दिवस बरं वाटलं, मग गोळ्या बंद. नर्सबाईंचा दर रविवारी फोन यायचा. माझी तब्येत विचारायच्या नाहीत, गावाचं विचारायच्या नाहीत. ‘शोभे, उचली का वनितानी पोर?’ मी म्हणायची, नाही बाई. त्या ‘बरं’ म्हणून फोन ठेवायच्या. चार वर्षं, दर रविवारी.

मधे त्या स्वतः आल्याही होत्या, गुडघे गेलेले असताना, तीन एसट्या बदलून. वनिताच्या घरी दिवसभर बसल्या. ती मुलगी त्यांनी मांडीवर घेतली, तिच्या तोंडाला हात लावला, म्हणाल्या, ‘बघ, मी लावला, काही झालं नाही, आता तू लाव.’ वनिताने त्यांना चहा केला, वाकून नमस्कार केला आणि मुलगी घेतली नाही. 

यंदा पौषात त्यांच्या मुलाचा फोन आला, आईला दवाखान्यात ठेवलंय, तुमच्याशी बोलायचं म्हणते. आवाज ओळखू येत नव्हता. ‘उचली का?’ एवढंच विचारलं. मी म्हणाले, ‘हो बाई. काल उचलली. कडेवर घेऊन ओट्यावर बसली होती.’ इतक्या वर्षांत मला खोटं बोलताना दहा वेळा पकडणारी ती बाई. ‘बरं व्हयनं,’ त्या म्हणाल्या. मंगळवारी त्या गेल्या.

मी वनिताला सांगायला गेले. ती ओट्यावर हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. ऐकून तिचे डोळे भरून आले. ‘माह्यामुळे लई तरास झाला बाईले,’ म्हणाली. तेवढ्यात मुलगी घरातून पळत आली, चार वर्षांची झालीय आता. आई रडतेय हे बघून ती थेट तिच्या अंगावर झेपावली, गळ्यात पडायला. वनिताने दोन्ही हात वर केले, पोरीला पोचणार नाहीत इतके वर, आणि तसेच धरून ठेवले. पोर तिच्या छातीला डोकं लावून उभी होती.

‘आई, हिला घ्या ना,’ तिने आत सासूला हाक मारली.